झेंडूच्या वाफ्यातला गुलमोहर

आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत एका रात्री मेंढ्यांचा अख्खा कळप मुक्कामाला होता, आणि त्याला आमंत्रण मी दिलं होतं.

त्याचं असं झालं. पडेगावला आम्ही घर बांधलं, मागं थोडी जागा उरली. सुमननं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, जाहीर केलं, "औंदा महालक्ष्म्यांना फुलं घरचीच! मागच्या साली बाजारातल्या झेंडूनं आरतीच्या आधीच माना टाकल्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायका नुसत्या बघत व्हत्या. लई लाज वाटली मला." हे ऐकून मला वाईट वाटलं. (मला वाईट वाटलं की घरात काहीतरी होतंच!)

मी शाळेत विज्ञान शिकवतो. अन्नसाखळी हा माझा हातखंडा विषय. "हे बघ," मी फळ्यासमोर उभा असल्यासारखा म्हणालो, "गवतातलं सत्त्व मेंढीत जातं, मेंढीतून मातीत, मातीतून झेंडूत. काहीही वाया जात नाही!"

"अहो, पन मेंढी आनायची कुठनं?"

मेंढ्यांना आमच्याकडं तोटा नाही. आम्ही मूळचे धनगर. माझा धाकटा चुलतभाऊ म्हादू अजून खुलताबादच्या डोंगराकडं कळप घेऊन फिरतो. पेरणीआधी शेतकरी त्याच्या मेंढ्या रानात बसवून घेतात. रात्रभरात लेंडीखत पडतं, बदल्यात म्हादूला ज्वारी मिळते. शेतात चालतं ते कॉलनीत का चालू नये? मी भर मे महिन्यात त्याला फोन लावला.

"दादा, घरामागं? लोक वरडतील ना!"

"तू आण रे!"

लोक ओरडले. सकाळी कळप गेला, वास राहिला. शेजारचे शेखचाचा तांबारलेले डोळे घेऊन फाटकाशी आले. "सर, रातभर बें-बें! ये घर है के बाजार?"

मी त्यांना अन्नसाखळी समजावून सांगितली. ते दुसऱ्या कडीलाच निघून गेले.

जूनमध्ये सुमननं झेंडूची रोपं लावली, आणि वाफा खरंच तरारला. फक्त झेंडूच्या दुप्पट भलतंच काहीतरी उगवलं. नाजूक देठ, बारीक बारीक पानं. सुमन खुरपं घेऊन आली. "ह्ये काय हाय हो?"

मी एक पान तोडलं, उन्हात धरलं आणि निकाल दिला, "गुलमोहर!"

"एवढे? उपटू का?"

"खबरदार! निसर्गानं फुकट दिलेलं झाड उपटायचं? वाढव, आपण कॉलनीत वाटू."

वाटलीही! दहीदुधाच्या रिकाम्या डब्यांत रोपं भरून घरोघरी पोचवली, सोबत पर्यावरणावर छोटंसं भाषण दिलं. शेखचाचांनी जुना राग सोडला आणि फाटकाशेजारी एक लावलं. मला फार बरं वाटलं.

श्रावणात सुमन वाफ्यातून बोट चोखत आली. "अहो, गुलमोहराला काटे असत्यात?"

"लहानपणी असतात," मी म्हणालो. "मोठा झाला की गळतात." (आयुष्यात इतक्या आत्मविश्वासानं मी खरंसुद्धा कधी बोललो नाही!)

दोन दिवसांनी शेखचाचा एका हातानं लुंगी सावरत आले. "सर, ये कैसा गुलमोहर है? पानी डालने गया तो लुंगीच पकड लिया ना! छोडताच नै!"

आता मात्र मला शंका आली. मी म्हादूला फोन लावला. "म्हादू, मे महिन्यात मेंढ्यांनी काय खाल्लं होतं रे?"

"त्या दिसांत गवत कुठंय, दादा? वेड्या बाभळीच्या शेंगा! लई गोड लागत्यात त्यांला."

शेंगांचा गर मेंढीला लागतो, बी मात्र जशीच्या तशी बाहेर पडते आणि खतासकट रुजते. हा धडा मी दरवर्षी शिकवतो. आकृतीसुद्धा काढतो!

महालक्ष्म्या दोन दिवसांवर आल्या. मी कुदळ घेऊन वाफ्यात उतरलो. तोवर बाभळीनं झेंडूचं पाणी, ऊन, खत सगळं खाऊन टाकलं होतं. खाली चार पिवळट काड्या, एक कळी नाही. मुळं इतकी खोल गेली होती की बाभूळ हलेना. मी जोर लावला, मागं सरकलो, आणि चपलेच्या तळव्यातून एक काटा थेट टाचेत शिरला.

सुमननं माझ्या हातातली कुदळ काढून घेतली. ती बाजारात जाऊन झेंडू घेऊन आली, आणि त्या झेंडूकडं बघून मला टाचेपेक्षा जास्त ठणका लागला.

हळदीकुंकवाला बायका आल्या. मी आतल्या खोलीत टाचेला हळद बांधून पलंगावर. शेखचाचीसुद्धा आल्या होत्या. कुणीतरी विचारलंच, "सुमनताई, फुलं घरच्या बागेतली का?"

"फुलं बाजारातली," सुमन शांतपणे म्हणाली. "बागेतलं जे काय आलं, ते ह्यांच्या पायात हाय."

बायका इतक्या हसल्या की शेवटी सुमनही हसायला लागली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

निसर्गात काहीही वाया जात नाही, हे मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवत आलोय. साखळीची शेवटची कडी मास्तर असतो, एवढंच पुस्तकात छापायचं राहून गेलंय.