धोंड्याच्या महिन्यातलं पाचवं रीळ

"ते पाचवं रीळ काढून टाका, न्हायतर म्या तुमचा तंबू इथून हलवायला लावतो," गावातला दत्तू आमच्या शेठना म्हणाला.

लोहाऱ्याला आमच्या टुरिंग टॉकीजचा मुक्काम होता. मी ऑपरेटर, म्हणजे मशीन चालवणारा. पिक्चर जुना, काळा-पांढरा, पण बाया पदर भिजवून घरी जायच्या. अख्खा पिक्चर एका डब्यात मावत नाही. त्याचे भाग असतात, ती रिळं. मशीन एकच, म्हणून एक संपलं की थांबून दुसरं चढवायचं. आमच्या पाचव्या रिळात थोरला मुलगा आईला घराबाहेर काढतो.

दत्तूला ते झोंबायचं कारण होतं. त्याची आई गयाबाई लेकांकडे पाळीनं राहायची, एक महिना दत्तूकडे, एक धाकट्याकडे. त्या उन्हाळ्यात अधिक महिना आला, धोंड्याचा. तो कुणाच्या पाळीत धरायचा? दुष्काळ पडलेला, दोघंही सरकारी कामावर खडी फोडत होते. दोघांनी हात वर केले. तसल्या दिवसांतही गावात जावयांना धोंडे खाऊ घालणं चालू होतं आणि म्हातारी मारुतीच्या देवळात बसली होती. मला भारी राग यायचा. पिक्चर लागल्यापासून लोक दत्तूला त्यातल्या थोरल्याच्या नावानं हाक मारू लागले होते.

शेठ म्हणाले, "कशाला डोक्याला ताप? गाळ ते."

"शेठ, गोष्ट कळायची नाही."

"तिकिटं फाटली की झालं."

गाळलं. चौथ्यानंतर सहावं चढवलं. पडद्यावर आई एकदम रस्त्यावर.

बायकांच्या बाजूनं कुणीतरी विचारलं, "अगं, ही बाहेर कशी आली?"

बहुतेकांनी पिक्चर आधी पाहिलेला. सगळा तंबू तिला मधलं सांगायला लागला. सांगताना पिक्चरमधलं नाव कुणी घेईना, दत्तूचंच घेत होते. रिळातल्या थोरल्यानं नुसतं दार लावलं होतं. लोकांनी आपल्या सांगण्यात दत्तूला आईला लाथही मारायला लावली. मशीनमागं मलाच ओशाळल्यासारखं झालं.

सकाळी गयाबाई तंबूवर आली.

"तुमीच काढलं व्हय ते?"

"तुमच्या लेकानंच काढायला लावलं, आजी."

"त्येला काय कळतंय? दार लावल्यावर त्यो पोरगा आत बसून रडतोय. तेवढं तरी लोकांला दिसू द्या. माझा दत्त्या बी दोन दिस जेवला न्हाय, सून सांगत व्हती."

ते रीळ मी कितीदा चालवलं असेल. थोरला रडतो हे मला ठाऊकच नव्हतं. रीळ संपत आलं की माझं लक्ष पुढच्या डब्यात असायचं.

संध्याकाळी शेठना न विचारता मी पाचवं चढवलं. दत्तू भांडायच्या तयारीनंच आला होता. आईला बाहेर काढलेलं बघून तो तरातरा माझ्याकडे निघाला. तेवढ्यात पडद्यावरचा थोरला रडू लागला. दत्तू जागीच थांबला. लोक वळून त्याच्याकडे बघत होते, पण थोरल्याच्या नावानं हाक कुणी मारली नाही. सहावं चढवून मी मान वर केली, तर तो निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी गयाबाई दत्तूच्या ओसरीवर ज्वारी पाखडत होती. धाकटा दारात उभा राहून वाद घालत होता, "अर्धा महिना माझा हाय, दादा."

शेठ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. लोकांची तोंडं बंद करायला पिक्चर कापू नये, एवढं मी शिकलो. आणि कितीही घाई असली तरी ऑपरेटरनं अधूनमधून पडद्याकडे बघावं.