ब्रेकमास्तरांचा पाय

मंगळवार, ७ नोव्हेंबर. सकाळी धुकं. भाऊजींना घेऊन दवाखान्यात, तिसरा डोस. गाडी मी चालवली. जाताना मोठ्या चौकात न बघता पुढे घेतली. बाजूने ट्रक आला, हातभर अंतरावर थांबला. भाऊजी काही बोलले नाहीत. परत यायला तीन वाजले. चादरी वाळल्या नाहीत.

एवढं लिहून वहिनींनी पेनाला टोपण लावलं. पण वही मिटवेना. ट्रकचं त्यांना फारसं काही वाटलं नव्हतं. ट्रकवाला खिडकीतून डोकं काढून "आजी, गाडी विकायचीय का?" म्हणून ओरडला होता, त्याचंही नाही. माणसं ओरडतातच. अडत होतं ते पुढच्या वाक्यापाशी. भाऊजी काही बोलले नाहीत.

भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. तीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलं होतं आणि ते सगळं निम्मं गाव त्यांना 'ब्रेकमास्तर' म्हणायचं. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो आणि एक क्लच. भाऊजींचा उजवा पाय त्या ब्रेकवर असा तयार असायचा की शिकणाऱ्याच्या मनात चूक यायच्या आत गाडी थांबायची. मग सुरू व्हायचा तोंडाचा पट्टा. "आरसा काय केस विंचरायला दिलाय?" "हॉर्न वाजवून रस्ता रुंद होत नाही!" सिनेमागृहात पडद्यावर गाड्या धावायला लागल्या की त्यांचा पाय समोरच्या खुर्चीत रुतायचा. बसमध्ये त्यांच्या शेजारी बसायला घरातलं कुणी तयार नसे.

वहिनींनाही त्यांनीच शिकवलं. थोरले, म्हणजे वहिनींचे यजमान, गेले त्या वर्षी. वहिनींची साठी उलटली होती आणि गाडी अंगणात धूळ खात उभी होती. "गाडी विकायची नाही, चालवायची," भाऊजी म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. चौथ्या-पाचव्या दिवशी वळणावर वहिनींना एकदम रडू कोसळलं. भाऊजींनी ब्रेक दाबला. "वहिनी, रडायचं तर गाडी बाजूला घ्या, हँडब्रेक ओढा आणि मग हवं तेवढं रडा. चालत्या गाडीत रडलं की समोरचं दिसत नाही." वहिनींनी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि पोटभर रडल्या. भाऊजी खिडकीतून बाहेर बघत बसले. त्या वर्षात सांत्वन करायला पुष्कळ जण आले, पण उपयोगी पडलं ते हे एवढंच.

अशा माणसाची जीभ दोन वर्षांपूर्वी हळूहळू थंड होत गेली. आधी सगळ्यांना बरंच वाटलं. "मास्तर किती शांत झाले हो!" असं शिकणारी मुलं म्हणायला लागली. मग एका मुलीने गाडी फुटपाथवर चढवली तेव्हा मास्तर म्हणाले, "असू दे." ती मुलगी घाबरून घरी सांगायला आली. त्यानंतर थोड्याच दिवसांत शिकवणी बंद झाली आणि भाऊजी भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले.

डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या, पुरेसे दिवस घेऊन झाल्या, बदलल्या, वाढवल्या, सोबतीला आणखी एक दिली. तोंडाला कोरड पडायची, वजन वाढलं, मन होतं तिथेच राहिलं. शेवटी त्यांना मोठ्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी केटामिनचं सुचवलं. "ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला हे औषध कित्येक वर्षं वापरतात," त्या म्हणाल्या. "त्याचा लहान डोस सलाईनमधून हळूहळू द्यायचा. गोळ्यांनी फरक पडत नाही अशा काही जणांना याने पडतो, कधी कधी लवकर पडतो. सगळ्यांना नाही. आणि पडलेला फरक टिकेलच असंही नाही. आधी सहा डोस देऊ, आठवड्यातून दोन. मग ठरवू, पुढे जायचं की थांबायचं."

डोस घेतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गाडीला हात लावायचा नाही आणि सोबत माणूस हवंच, अशी अट होती. भाऊजींची बायको, म्हणजे वहिनींची धाकटी जाऊ, पोस्टात खिडकीवर काम करायची. आठवड्यातून दोनदा रजा मिळणं शक्यच नव्हतं.

"मी नेते," वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही? गाडीने?" धाकटी दचकली. "ताई, त्यांना बरं करायचंय ना?"

पण नेणार दुसरं कुणी नव्हतं. थोरल्यांची गाडी केव्हाच भंगारात गेली होती, तेव्हा शिकवणीचीच गाडी काढली. जाताना भाऊजी सवयीने आपल्या जागी बसायचे, शिकवणाऱ्याच्या. येताना वहिनी त्यांना मागे बसवायच्या.

पहिल्याच दिवशी निघताना भाऊजींनी वहिनींकडून शब्द घेतला. "सहा घेतो. तिच्यासाठी घेतो. सहाव्याला मी बास म्हटलं तर तुम्ही मध्ये पडायचं नाही."

"नाही पडणार," वहिनी म्हणाल्या. बरा नसलेला माणूस कितीतरी दिवसांनी एवढं सलग बोलला होता. त्याला नाही कसं म्हणायचं?

दवाखान्यातली खोली मंद उजेडाची होती. मागे कलणारी खुर्ची, रक्तदाब मोजायचं यंत्र, खिडकीला जाड पडदा. वहिनी कोपऱ्यात विणकाम घेऊन बसायच्या. औषध अंगात भिनलं की भाऊजींची बोटं सैल पडायची. सिस्टर मधून मधून रक्तदाब बघायची. एकदा ते डोळे मिटूनच म्हणाले, "वहिनी, मी वर आहे. छताशी. खाली कुणाचे तरी बूट दिसतायत."

"तुमचेच आहेत, भाऊजी."

"असतील," ते म्हणाले, जणू बूट कुणाचे यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

तासाभराने ते खाली यायचे, पाणी मागायचे, कधी मळमळायचं. पूर्ण भानावर आल्याशिवाय सिस्टर सोडायची नाही. मग डॉक्टरीणबाई विचारायच्या, "कसं वाटतंय?" भाऊजी म्हणायचे, "तसंच." चौथ्यालाही तसंच. पाचव्यालाही तसंच. घरी धाकटी रोज त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची आणि हसू शोधायची. वहिनीही तेच शोधत होत्या. हसू काही सापडलं नाही.

सहाव्या डोसाचा शुक्रवार उजाडला. भाऊजी स्वतःहून बूट घालून दारात उभे होते. शेवटचा दिवस म्हणून असेल, असं वहिनींना वाटलं.

त्याच मोठ्या चौकात वहिनींनी एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितल्यासारखं केलं आणि गाडी पुढे घेतली. पुढच्या क्षणी त्यांचं कपाळ स्टिअरिंगपर्यंत गेलं आणि मागे आलं. गाडी जागच्या जागी थांबली होती. नाकासमोरून एक भलीमोठी बस खिडक्याच खिडक्या दाखवत निघून गेली.

"वहिनी!" भाऊजींचा आवाज गाडीत मावत नव्हता. "ती बस आहे! टाचणी नाही! बस दिसत नाही तुम्हाला?"

"दिसली नाही हो—"

"दिसणार कशी? मान वळवली फक्त! डोळे पुढेच! मी काय मान वळवायला शिकवलं होतं? आणि पाय काढा क्लचवरून, पाय ठेवायची फळी आहे का ती? गिअर बघा. तिसरा! चौकात तिसरा! लग्नाच्या वरातीत निघालात की शर्यतीत?"

मागे हॉर्नचा गोंगाट सुरू झाला. भाऊजींनी काच खाली केली आणि मागच्याला ओरडून सांगितलं, "वाजव, वाजव! बॅटरी उतरेल तुझीच!"

वहिनींनी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला. रडू येतंय की हसू, हे त्यांचं त्यांनाच कळेना. भाऊजी आपल्याच पायाकडे बघत राहिले. तो अजून ब्रेकवर होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नेहमीचे प्रश्न विचारले. झोप? तशीच. भूक? तशीच. जगण्यात काही अर्थ वाटतो का? त्या हे असंच सरळ विचारायच्या.

"सांगता येत नाही," भाऊजी म्हणाले. "तसंच आहे सगळं. आजचा डोस घेतो आणि बास करू. उगाच सगळ्यांना ताप."

डॉक्टरीणबाईंनी वहिनींकडे बघितलं. "तुम्हाला काही फरक दिसला?"

वहिनींनी विणकाम मांडीवर ठेवलं. शब्द दिला होता. सत्तर वर्षांत त्यांनी दिलेला शब्द मोडल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आणि फरक दिसला म्हणावं, तर तो फरक की नुसतीच भीती?

"आज हे माझ्यावर ओरडले," त्या म्हणाल्या.

"वहिनी!"

"पाच-सात मिनिटं ओरडले. ब्रेकही दाबला."

"समोर बस होती, डॉक्टर," भाऊजी चिडून म्हणाले. "बस! कुणीही दाबला असता. यात औषधाचा काय संबंध?"

"मागे एका मंगळवारी ट्रक होता," वहिनी म्हणाल्या. "तेव्हा नाही दाबलात."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची थोडी पुढे ओढली. "ट्रक आला तेव्हा काय वाटलं होतं?"

"काही नाही," भाऊजी म्हणाले. "येतोय तर येऊ दे, असं." मग एकदम वहिनींकडे वळून म्हणाले, "तुम्ही गाडीत होतात, हे... हे नंतर लक्षात आलं माझ्या."

वहिनींनी मांडीवरचं विणकाम पुन्हा हातात घेतलं.

"आणि आज?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आज काय? बंपर गेला असता. नवा बसवलाय. आणि या..." भाऊजींनी हात हवेत उडवला. "या बाई गेल्या असत्या. मला राग आला."

"किती दिवसांनी आला?"

भाऊजींनी आठवून बघितलं. आठवेना, तसे ते खुर्चीत मागे टेकले.

"ही सुधारणा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लहान आहे. किती टिकेल ते मी आज सांगू शकणार नाही. पण ही दिसत असताना थांबावं, असं मला वाटत नाही. आजनंतर आठवड्यातून एक देऊ, मग अंतर वाढवत जाऊ. गोळ्याही चालू ठेवायच्या. 'येऊ दे' असं पुन्हा वाटलं, तर त्याच दिवशी मला सांगायचं. घरच्यांनीही लक्ष ठेवायचं. तुमची हरकत असेल तर नाही म्हणा, जबरदस्ती नाही."

भाऊजींनी नाही म्हटलं नाही. हो म्हणायलाही वेळ लावला. शेवटी त्यांनी बाही वर केली आणि सिस्टरला म्हणाले, "मागच्या वेळी सुई फार तिरकी घातली होती. आज सरळ घाला."

येताना ते मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. वहिनी दुसऱ्या गिअरमध्येच घरी आल्या. आपण शब्द मोडला, हे त्यांना सगळ्या रस्त्यात टोचत होतं. उद्या सकाळी हा माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपलेला असेल, हेही शक्य होतं. त्यांनी दोन्ही गोष्टी मनाशी नीट मानून घेतल्या.

संध्याकाळी धाकटी पोस्टातून आली, तेव्हा भाऊजी स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसले होते.

"तुझ्या ताईंनी शब्द फिरवला," त्यांनी तिला पर्स ठेवायच्या आधीच सांगितलं. "शब्दाच्या पक्क्या म्हणे! तोंडावर कबूल करतात आणि डॉक्टरसमोर चुगली. शिवाय चौकात तिसरा गिअर. तिसरा!" मग बस किती लांब होती, किती वेगात होती, आरसा कसा लावलेला होता, सगळं आलं. धाकटी ओट्याला टेकून ऐकत राहिली. डोळे पुसायचे, तर तेवढ्यात काही निसटेल अशी तिला भीती वाटत असावी.

"बरं," ती शेवटी म्हणाली, "मग पुढच्या शुक्रवारी कुणाला पाठवू तुमच्याबरोबर?"

"यांनाच. दुसरं आहे कोण?" भाऊजी उठत म्हणाले. "पण रविवारी मैदानावर यायचं, वहिनी. सकाळी. अर्धा तास नुसता क्लच."

"येते," वहिनी म्हणाल्या.

रात्री निजण्यापूर्वी त्यांनी वही उघडली. दिवसभराचं लिहून झाल्यावर खाली एक ओळ राहिली होती, तिथे लिहिलं: सकाळच्या गडबडीत दूध बाहेरच राहिलं, नासलं. उद्या अर्धा लिटर जास्त घेणे.