माझ्या मुलीचा पेशंट

मी तपासणीच्या पलंगावरून उतरलो, तसे क्लिनिकचे सर माझ्या मुलीला म्हणाले, "स्पिरिटनं पूस. दोनदा. यानंतर आपले पेशंट आहेत."

ती पुसायला लागली. मी उघड्या अंगानं बाजूला उभा, शर्ट हातात. जिथं माझी पाठ टेकली होती तिथं तिनं जरा जास्तच जोर लावला. माझ्याकडे बघितलं नाही.

हे सगळं घडवून आणण्यात माझाच उत्साह मोठा होता, हे आधी कबूल करतो.

मुलगी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजनं पोस्टिंग दिलं चामराजपुरममधल्या एका खासगी क्लिनिकमध्ये. तिथल्या पेशंटांना शिकाऊ हात चालत नाहीत. म्हणून मुलांनी आपापला पेशंट बाहेरून आणायचा, सगळ्यांसमोर तपासून दाखवायचा, मग सर वहीत सही करणार. अट एकच, पेशंट नात्यातला नको.

लष्कर मोहल्ल्यात माझं शिवणाचं दुकान. तीस वर्षं कात्री चालवून उजवा खांदा धरलेला. मुलगी चार दिवस पेशंट शोधत हिंडली, पण काम बुडवून यायला कुणी तयार होईना. शेवटी मीच म्हटलं, "अगं, मी आहे की. मला कोण ओळखतंय तिथं?"

ती घाबरली. मी रंगात आलो. मादप्पा नाव घेतलं, कडकोळच्या फॅक्टरीतला हमाल. स्वयंपाकघरात तिच्या आईला हमालासारखं चालून दाखवलं. आई हसून हसून बेजार. मुलगीही हसली.

"अप्पा, तिथं मराठीत एक शब्द बोलायचा नाही. कन्नडच."

"हौदु, मॅडम," असं कन्नडमधलं 'हो' म्हणत मी कमरेत वाकून नमस्कार ठोकला.

क्लिनिकमध्ये सहा मुलं होती, पांढऱ्या कोटात. सर आले. माझ्याशी अक्षरही बोलले नाहीत. बोटानं शर्टाकडे खूण केली. मी काढला. त्यांनी माझा हात धरला आणि मुलांशी इंग्रजीत बोलत वर नेला. दुखेपर्यंत. दुखल्यावर आणखी थोडा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तसे म्हणाले, "आता याचा चेहरा बघा."

मला इंग्रजी कळतं. सुटाची ट्रायल द्यायला आलेली माणसं फोनवर इंग्रजीच झोडत असतात. सर म्हणत होते, या लोकांना शरीर म्हणजे बैल वाटतो, खाली बसेपर्यंत हाकतात, आणि फुकट असेल तेव्हाच दाखवायला आणतात.

मुलं हसली. माझी मुलगीही हसली. तोंडावर हात ठेवून, थोडंसं. ते हसू खोटं होतं, मला कळलं. तरी मी नजर वळवली.

मी हमालाचं माप घेतो, वकिलाचंही घेतो. टेप लावण्याआधी विचारतो, "जरा हात वर करता का?" माप चालू असताना दुकानात कुणाला हसू देत नाही. माणूस कितीही वाकडा असो.

मग ते पुसणं झालं. मग सर तिला म्हणाले, "याला उद्याही बोलाव. दुसऱ्या बॅचलाही दाखवू."

तिनं फडकं ठेवलं. माझ्याकडे वळली. परक्या माणसाशी बोलतात तसं, अगदी नीट म्हणाली, "नाळे बन्नि."

उद्या या. एवढंच. आमच्या घरात कन्नड येता-जाता मिसळतं, पण बोलायला लागल्यापासून ती माझ्याशी मराठीतच बोलत आलीय. आता बोलली ते ठरल्याप्रमाणेच. नाटक मीच बसवलेलं. तिची काही चूक नव्हती. पण तिची नजर मादप्पावर होती. माझ्यावर नव्हती.

मी बटणं लावली. डाव्या हातानं, सावकाश. मग मराठीत म्हटलं, "नाही येणार, बाळ. आणि तुझ्या सरांना सांग, अंगाला हात लावण्याआधी विचारायचं असतं."

सरांनी तिला विचारलं, "कोण हा?"

तिनं फडकं पुन्हा उचललं. मी थांबलो, तिनं सांगावं म्हणून. मग मीच सरांना कन्नडमध्ये सांगितलं, "मी तिचा बाप."

सरांनी तिच्या वहीतल्या पानावर तिरकी रेघ मारली.

बसमध्ये ती वेगळ्या सीटवर बसली. घराच्या पायरीवर म्हणाली, "अप्पा, एक दिवस गप्प बसला असतात तर?" त्यानंतर नऊ दिवस झाले, माझ्याशी बोललेली नाही. मी ताटावर गमती सांगतो. आई कसनुशी हसते. मुलगी मान खाली घालून जेवते.

तिचं पान माझ्यामुळे गेलं. ते खांद्याहून जास्त दुखतं. पण माफी मी मागणार नाही. तिला नवा पेशंट लागेल, आणि ती आमच्याच गल्लीत विचारणार. इस्त्रीवाला, काजं-बटणं करणारा, सगळ्यांच्याच माना-कमरा गेलेल्या. मी प्रत्येकाला आधीच सांगून ठेवलंय. जा, पोरीला शिकू दे. पण स्वतःच्या नावानं जा. विचारल्याशिवाय कुणाला अंगाला हात लावू देऊ नको. कुणी हसलं तर तिथून उठ, सही झालेली असो वा नसो.

हसणारी माझी मुलगी असली तरी.