विरजणाची माती

इंदिरानगरमध्ये आमच्या गल्लीच्या टोकाला निळे पत्रे ठोकले आहेत. त्यांच्या आत कुसुमवहिनी गायधनींचा बंगला होता. बंगल्यामागे भट्टी होती, मातीकामाची चार चाकं होती आणि एक हौद होता. नाशकात प्रखर आचेवर भाजलेली, काचेसारखी झिलई दिलेली भांडी हातानं घडवायला ज्या थोड्या लोकांनी सुरुवात केली, त्यांतल्या या एक. त्यांच्याविषयी कुणीतरी लिहावं असं मला वाटत होतं. लिहिता येणारे पुष्कळ जण त्यांच्याकडे शिकून गेले, म्हणून मी थांबलो. कुणी लिहिलं नाही. मी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो. जमेल तसं लिहितो.

गायधनींचं मूळ घर पंचवटीत. रामकुंडावर यजमानांचे विधी करणारं घराणं. वहिनींचे यजमान ढुंढिराज मात्र बँकेत लागले आणि त्यांनी इकडे बंगला बांधला. वहिनी लग्नाआधी पाँडिचेरीला राहून हे काम शिकून आल्या होत्या. घर बांधताना त्यांनी नवऱ्याकडे दागिना मागितला नाही, मागच्या अंगणात भट्टी मागितली. पंचवटीच्या काकूंना ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ढुंढ्या, आपण पिंडदान करणारे लोक. आणि तुझी बायको मडकी घडवणार?"

ढुंढिराज म्हणाले, "काकू, पिंड म्हणजे तरी काय, गोळेच. ही गोळ्यांना पोट काढते, एवढंच."

हे मला त्यांनीच सांगितलं. मी त्यांच्याकडे फोनची तार ओढायला गेलो होतो. काम झाल्यावर वहिनींनी मला चहा दिला तो एका शेवाळी रंगाच्या पेल्यात. तसा रंग मी कधी पाहिला नव्हता. विचारलं तर म्हणाल्या, "द्राक्षाच्या काड्यांची राख आहे ती." ऑक्टोबर छाटणी झाली की त्या दिंडोरीकडच्या मळ्यांतून काड्या आणायच्या, जाळायच्या, राख धुऊन झिलईत घालायच्या. मी चांदवडचा, शेतकऱ्याच्या घरचा. काड्या चुलीत घालतात एवढंच मला ठाऊक होतं. पुढच्या रविवारी मी परत गेलो, आणि मग जातच राहिलो. मला फारसं काही आलं नाही. माझी भांडी जड होत. "गोरक्षभाऊ, हे चोरावर फेकायला छान आहे," असं वहिनी म्हणायच्या.

त्यांच्याकडे तीन नियम होते.

पहिला नियम मातीचा. पांढरी माती गुजरातेतून ट्रकनं यायची. तिच्यात दारणाकाठची तांबडी माती थोडी मिसळायची. पण ती तशीच कधी चाकावर चढायची नाही. हौदातल्या जुन्या मातीचा मोठा गोळा तिच्यात कालवायचा आणि मग ती महिनोन्‌महिने झाकून ठेवायची. जुन्या मातीला वास यायचा, काळी बुरशी यायची, आणि तिच्यामुळे नवी माती लोण्यासारखी व्हायची. वहिनी त्याला विरजण म्हणत. हौद सुरुवातीपासून कधी रिकामा झाला नव्हता.

दुसरा नियम, कुणाचंही पहिलं भांडं भाजायचं नाही. ते हौदात जायचं. लोक रडवेले व्हायचे. एक डॉक्टरीणबाई आपली पहिली वाटी पदराखाली लपवून चालल्या होत्या, त्यांना फाटकातून परत आणलं. "तुम्ही गेलात तरी तुमची वाटी इथेच राहणार. दुसऱ्या कुणाच्या तरी भांड्यात," असं वहिनींनी त्यांना सांगितलं.

तिसरा नियम, घरात पीओपी आणायचं नाही. कुठल्याही कारणानं नाही. मुलगा धवल लहान असताना एका गणेशोत्सवात मित्रांबरोबर जाऊन मोठी रंगीत मूर्ती घेऊन आला. वहिनींनी ती दारातूनच परत पाठवली आणि शाडूची आणायला लावली. पोरगं दिवसभर रुसून होतं.

चांगले दिवस असताना नाशकात आणखी तीन भट्ट्या झाल्या. एक सातपूरला शेडमध्ये, एक देवळालीला, एक कॉलेज रोडला गच्चीवर. सगळे वहिनींचेच विद्यार्थी. प्रत्येकजण जाताना डबाभर विरजण घेऊन गेला. दिवाळीच्या आधी चौघांचं मिळून प्रदर्शन भरायचं. कुंभारवाड्यातले लोकही बघायला यायचे. एक म्हातारे पेला वाजवून बघत म्हणाले होते, "बाई, हे लय पक्कं हाय. फुटलंच नाय तर गिऱ्हाईक परत येईल कसं?"

गिऱ्हाईक परत आलं नाही हे खरं. गॅस महागला. छापील फुलांचे मग बाजारात आले. सातपूरची भट्टी बंद पडली, मग देवळालीची. गच्चीवाल्यानं भट्टी मोडून तिथे सोलर बसवलं. त्यांची विरजणं वाळून गेली. वहिनींचा हौद तेवढा उरला.

ढुंढिराज बँकेतून निवृत्त झाले तेव्हा गंमत म्हणून चाकावर बसले. एक वाटी झाली. एका बाजूला कलती, पण वाटी. मी समोरच होतो.

"ही ठेवायची," ते म्हणाले.

"हौदात," वहिनी म्हणाल्या.

"अगं, नवऱ्याला काही सूट?"

"नवरा स्वयंपाकघरात. इथे विद्यार्थी."

"बघा गोरक्षराव, जन्मभर हप्ते मी भरले आणि वाटी सरकारजमा!" असं म्हणत त्यांनी स्वतःच ती हौदाच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात सोडली. विरघळेपर्यंत उभे राहिले. त्याच थंडीत ते गेले. वहिनी त्या वाटीबद्दल कधी बोलल्या नाहीत. पण त्यानंतर विरजण काढायचं असलं की त्या दुसऱ्या कुणाला हौदाशी जाऊ देत नसत, आणि त्या कोपऱ्याला स्वतःही हात लावत नसत.

मागच्या वर्षी बंगला बिल्डरला द्यायचं ठरलं. धवल पुण्याला नोकरीला, वहिनींचे हात थरथरू लागलेले, एकटीनं राहणं अवघड. धवलचं चुकलं असं मला वाटत नाही. वहिनींनीही हरकत घेतली नाही. भट्टीच्या विटा गेल्या, चाकं गेली, त्यांनी वळून पाहिलं नाही. त्यांना एकच गोष्ट हवी होती. हौदातली माती कुणीतरी न्यावी आणि पुढे चालू ठेवावी.

त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावले. नंबर मी लावून द्यायचो. एकजण म्हणाला, फ्लॅटमध्ये कुठे ठेवू? एकीनं विचारलं, "ताई, फोटो पाठवता का? ग्रुपवर टाकते." डॉक्टरीणबाई वारल्या होत्या. शेवटी वेदिका हो म्हणाली. ही वहिनींची सगळ्यात शेवटची विद्यार्थिनी. गंगापूर धरणाच्या रस्त्याला एका द्राक्षमळ्यात पर्यटकांसाठी राहायची सोय आहे, तिथे ती मुंबईच्या लोकांना शनिवार-रविवारी चाकावर बसवते. माती पाकिटातून येते. पण मुलगी मनानं चांगली.

"ताई, मी टाकी बांधून घेते. विरजण मोडणार नाही," ती म्हणाली.

त्या दिवशी वहिनी दोन पोळ्या जास्त जेवल्या.

टाकी होईपर्यंत बंगला सोडायची वेळ आली. नेमकं तेव्हाच वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्या काळा चष्मा लावून भाड्याच्या फ्लॅटमध्ये पडून होत्या. मी भावाच्या वर्षश्राद्धाला चांदवडला गेलो होतो. धवलनं रजा काढली. मजूर त्या वासामुळे हात लावेनात, तेव्हा तो स्वतः हौदात उतरला आणि गुडघाभर चिखलात उभा राहून त्यानं सगळी माती गोण्यांत भरली. टेम्पोनं वेदिकाकडे पोचवली. मी परत आलो तेव्हा अभिमानानं म्हणाला, "काका, कोपरासुद्धा सोडला नाही."

पुढच्या रविवारी तो आम्हाला दोघांना गाडीतून मळ्यावर घेऊन गेला. वेदिकानं टाकी छान बांधली होती, वर लाकडी झाकण. माती आत ओतून झाली होती. वहिनी काठावर बसल्या. चष्म्यातून त्यांना अजून धूसरच दिसत होतं. त्यांनी हात घालून गोळा काढला आणि फळीवर मळायला घेतला. हात थरथरत होते, पण मळायला लागल्यावर थरथर थांबली. मला बरं वाटलं.

मग त्या थांबल्या. गोळा दोन बोटांत धरून चोळला. दुसरा काढला. टाकीच्या दुसऱ्या टोकाचा काढला.

"धवल, गोण्या कुठल्या होत्या रे?"

"शेजारच्या बंगल्यात फॉल्स सीलिंगचं काम चाललंय ना, त्यांच्याकडच्या. चांगल्या जाड होत्या."

"झटकल्यास?"

"झटकल्या की. का?"

मी टाकीत वाकून बघितलं. काळ्या मातीत बारीक पांढरे ठिपके होते. मला आधी ती बुरशी वाटली होती.

"पीओपी आहे यात," वहिनी म्हणाल्या.

वेदिकाच्या ते लक्षात आलं नव्हतं. वहिनी बोलल्या नसत्या तर तिनं त्याच मातीची भांडी केली असती. "चाळून घेऊ ना, ताई," ती म्हणाली.

"खडे चाळशील. पीठ कसं चाळशील? भट्टीतून भांडं चांगलं निघतं, वेदिका. विकलंही जातं. मग महिन्याभरानं लोकांच्या टेबलावर भांड्याचा टवका उडतो आणि खाली पांढरा ठिपका दिसतो. नाव तुझं जाईल."

धवलचा चेहरा उतरला. "आई, तू पीओपी आणू देत नव्हतीस... मला वाटलं ते गणपतीसाठी. नदी खराब होते म्हणून."

"नदीही होतेच," त्या म्हणाल्या. "तू चाकावर कधी बसला नाहीस, म्हणून मी कारण सांगितलं नाही. बसला असतास तर सांगितलं असतं."

पलीकडे पर्यटकांचा गट एका बाईचं वेडंवाकडं भांडं बघून टाळ्या वाजवत होता. ते भांडं पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून तिला घरी न्यायला देत होते.

"गोरक्षभाऊ, पीओपी म्हणजे जिप्समच. द्राक्षाला टाकतात ना ते?" वहिनींनी विचारलं.

"टाकतात."

"मग हे वेलींना चालेल."

"चालेल." मला खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. पण खोटं बोलून काय सांगणार होतो?

वेदिका रडायला लागली. "थोडी तरी ठेवू का, ताई? आठवण म्हणून?"

"आठवण म्हणून माती ठेवत नाहीत गं. कामाला ठेवतात." वहिनींनी फळीवरचा गोळा उचलून टाकीत टाकला आणि धवलकडे हात धुवायला पाणी मागितलं. त्यानं ओतलं. ती दोघं बराच वेळ हात धूत होती.

वहिनी अजून भाड्याच्या फ्लॅटमध्येच आहेत. मी अधूनमधून जातो. चहा स्टीलच्या पेल्यात असतो. हात मांडीवर ठेवलेले असतात आणि थरथरत असतात. शेवाळी पेला माझ्याकडे एक आहे, पण तो त्यांच्याकडे घेऊन जावा असं वाटत नाही.

एप्रिलमध्ये मी मळ्यावर जाऊन आलो. वेदिकाच्या टाकीत आता कमळं लावली आहेत, पर्यटक तिथे फोटो काढतात. ती घाईत होती, पण तिनं मला माणूस दिला आणि त्यानं मला माती टाकलेली ओळ दाखवली. खरड छाटणी नुकतीच झाली होती. काड्या जाळता का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "आता कोण जाळतं, बाबा? मशीननं तुकडे करतो, जागेवरच कुजतात." मी वेलींखाली बसून पाहिलं. हौदातली माती आणि शेताची माती वेगळी ओळखू येत नव्हती. पांढरे ठिपके तेवढे दिसत होते.

परत आल्यावर फ्लॅटवर गेलो, तेव्हा वहिनींनी विचारलं, "दिसते का कुठे?"

मी नाही म्हणालो.