आमच्या गाडीला हळद लागली

मंडळी, आज पोशीरमध्ये आमच्या गाडीची हळद झाली. थट्टा नाही करत, फोटो टाकलाय.

नेरळच्या रस्त्यावर पहाटे धुकं फार असतं, म्हणून हेडलाइटला पिवळी फिल्म लावायची हौस मला कधीची. व्हिडिओ बघून दुपारी अंगणातच बसले. साबणाचं पाणी मारलं, केस वाळवायच्या ड्रायरने फिल्म तापवली आणि डावा दिवा असा झकास जमला की मीच टाळ्या वाजवल्या. मग उजव्याची फिल्म वाऱ्याने दुमडून स्वतःलाच चिकटली. सोडवताना फाटली. संपला विषय!

एक डोळा पिवळा, एक पांढरा. नवरा पोट धरून हसतोय.

तेवढ्यात शेजारच्या सायलीची हळद आटोपून बायका बाहेर आल्या. तिची जनाआत्या गाडीसमोर थबकली. "अगं, एकाच डोळ्याला हळद? अर्धी नवरी कधी बघितली हाय का गं कुनी?"

मी बोलायच्या आत तिने वाटीतली उरलेली हळद उजव्या दिव्याला फासली. मग बाकीच्या कुठे थांबतात! बॉनेट, आरसे, माझे गाल, सगळं पिवळं.

हळद लागल्यामुळे सायलीला घराबाहेर पडायची बंदी. ती दारातूनच ओरडली, "काकी, उद्या सासरी मी याच गाडीतून जानार, सांगून ठेवते!"

हो म्हणून बसले खरी. पण जिला कडेवर घेऊन गावभर फिरवलं, तिला सासरी सोडताना मी गाडी चालवू की रडू? तुम्हीच सांगा.