आईने डायलची काच घासली तेव्हा

परबकाकांच्या भांडुपच्या वर्कशॉपमध्ये कुठलाही जुना रेडिओ सेट दुरुस्त झाला की टेबलावर दोन स्क्रू उरतात आणि एक किस्सा. स्क्रू काका डब्यात टाकतात, किस्से माझ्याकडे जमा होतात. दर रविवारी आम्ही तिघं तिथे पडीक असतो. काका, शाळेत विज्ञान शिकवणारा सुनील कांबळे आणि मी. मी सोल्डरिंग करत असते, काका शेजारी चहा पीत असतात, तरी गिऱ्हाईक आत येऊन मलाच विचारतं, "मॅडम, मेकॅनिक कधी येईल?"

यंदाचे किस्से मात्र आमच्याच घाटकोपरच्या घरातले निघाले.

* * *

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आमच्याकडे लिफ्ट नाही, म्हणून ते दादाकडे मुलुंडला राहिले. ते यायच्या आधी आईने घर घासायला काढलं. का, तर नव्या डोळ्यांत धूळ जायला नको!

त्यात बाबांचा जुना स्टिरिओ रिसीव्हर, म्हणजे त्यांचा लाडका रेडिओ, आला. या सेटला घरात कुणी बोट लावायचं नाही. एकदा मी त्यावर चहाचा कप ठेवला, तर बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. आईने डायलची सैल झालेली काच ओढून काढली, साबणाच्या पाण्यात बुडवली आणि तारेच्या घासणीने दोन्ही बाजूंनी लख्ख केली. स्टेशनांचे आकडे काचेच्या आतल्या बाजूला छापलेले असतात. सगळे मोरीत वाहून गेले.

"एक डाग जातच नव्हता गं," आई रडवेली होऊन म्हणाली. "ह्यांना कळलं तर जन्मभर बोलणार नाहीत. ते यायच्या आत काहीतरी कर!"

मी काच घेऊन भांडुपला पळाले. काकांनी ती उजेडात धरली आणि त्यांची मालवणी सुटली. "आवशीन घासल्यान? गो, ता डायल आसा, टोप न्हय!"

* * *

आकडे कुठे होते ते कळायला जुना फोटो हवा. सापडला बाबांच्या साठीचा. केक, बाबा आणि मागे रिसीव्हर. सुनीलने मोबाइलवर मोठा करून पाहिला.

"अठ्ठ्याऐंशी दिसतंय, नव्वद दिसतंय, एकशे चार दिसतंय."

"आणि मधले?"

"मध्ये तुझ्या बाबांचं टक्कल आहे."

टकलामागचे आकडे मग काकांनी आमच्या घरी येऊन, एकेक स्टेशन लावून, काटा थांबेल तिथे पेन्सिलीने खूण करत शोधले. माणूस कितीही चिडू दे, हातातलं काम सोडत नाही.

* * *

आकडे कापायला रेडियमवाल्याकडे गेले. स्टिकर काचेच्या आतून लावायचा, म्हणून काकांनी बजावलं होतं, "उलटं कापून आण." मी तसं सांगितलं. त्याने आकडे सरळ कापले.

"मॅडम, उलटं फक्त ॲम्ब्युलन्सवर असतं! तुमची चूक मी सुधारली."

मी म्हटलं, "अहो, उलटंच हवंय." त्याने तोच कागद माझ्यासमोर गर्रकन फिरवला आणि खालची बाजू वर करून हातात दिला. "घ्या, उलटं!"

शेवटी मी पर्समधला आरसा काढून दाखवला. तो भडकलाच. "मग आरशातलं पायजे असं बोला ना! उलटं-उलटं काय लावलंय?"

* * *

डायलमागचे दिवेही गेले होते. सुनीलने उत्साहाने गणपतीच्या डेकोरेशनमधली उरलेली एलईडी पट्टी आत चिकटवली. बटण दाबलं. डायल निळा झाला, मग हिरवा, मग गुलाबी, आणि मग लुकलुकायला लागला. आईने नकळत हात जोडले.

"सुनील, आता फक्त आरती राहिली रे," मी म्हटलं.

काकांनी पट्टी उपटली, साधे छोटे पिवळे बल्ब लावले आणि त्यांच्यापुढे केकच्या दुकानातला बटर पेपर ताणून बसवला. उजेड असा मऊ पसरला की मला एकदम लहानपणीची संध्याकाळ आठवली. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं.

* * *

रविवारी बाबा आले. काका आणि सुनील "सहज" चहाला येऊन बसले होते. आई पदराचं टोक पिळत स्वयंपाकघराच्या दारात उभी.

बाबांनी सेट लावला. डायल उजळला. त्यांनी काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरवला.

"लाइट झकास झालाय," बाबा म्हणाले. काकांनी मिशीवरून हात फिरवला.

"पण माझा लाल ठिपका कुठे गेला? नेलपॉलिशचा. त्यावर काटा आणला की माझं स्टेशन लागायचं."

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. तीन आठवडे दडवलेली गोष्ट! सुनील काहीतरी थाप मारणार, तेवढ्यात आईच ओरडली, "अहो, तो ठिपका होता? मला वाटलं डाग! तोच घासायला गेले आणि सगळे आकडे गेले!"

काकांनी कपाळाला हात लावला. बाबा डायलजवळ वाकले, नवे डोळे बारीक करून आकडे एकेक वाचत गेले आणि म्हणाले,

"कुठले आकडे? यावर आधीपण आकडे होते?"