चवीची सही

आमच्या गावात अन्न समिती काढायचं खूळ माझ्याच डोक्यातलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. मास्तरकीतून निवृत्त झाले, चार दिवस घरात बसले आणि पाचव्या दिवशी जीव किटला. म्हणून वडीगोद्रीच्या बाजाराला गेल्ते. तिथं आमच्याच गावची मेथी जालन्याच्या मार्केटला जाऊन परत आलेली, मलूल होऊन पोत्यावर पडलेली, आणि आमच्याच गल्लीतली बाई घासाघीस करून ती विकत घेऊन राह्यली. तळपायाची आग मस्तकात गेली. भाजी आमची, तूर आमची, ज्वारी आमची, आणि शाळेत पोरं रोज तीच पिवळी खिचडी गिळतात!

समितीला माणसं जमवता जमवता चपला झिजल्या. एक म्हणाला, खुर्ची कोणची? दुसरा म्हणाला, मीटिंगला नाष्टा काय? पहिल्या बैठकीत चहा कुणाकडून यावा यावरच तास गेला. मुडदा बशिवला त्या चहाचा! शेवटी मीच अध्यक्ष झाले, कारण रागावून टेबलावर हात आपटणारी मी एकटीच होते. उपाध्यक्ष माझे चुलत दीर, गावचे माजी उपसरपंच. त्यांना वगळलं असतं तर समितीच झाली नसती, एवढं मला कळत होतं.

तरी कामं झाली, खोटं कशाला बोलू. बायकांच्या परसातली पालेभाजी थेट शाळेत यायला लागली. तुरीची डाळ गावातली. आणि रोज जेवण वाढायच्या आधी समितीतल्या कुणीतरी ते चाखायचं आणि चव रजिस्टरवर शेरा लिहून सही करायची, असा ठराव झाला. माझं घर शाळेला लागून, म्हणून ते काम मीच अंगावर घेतलं. स्वयंपाकीण बाई माझ्यासाठी रोज एक वाटी ताटलीनं झाकून टेबलावर ठेवायची. मी लिहायची, "चव उत्तम", सही ठोकायची आणि वाटी घरी घेऊन जायची. दुपारी निवांत खाते म्हणायची.

ही स्वयंपाकीण बौद्ध वस्तीतली. नऊ वर्षं शाळेची चूल तिच्याच हातात. तिची मुलगी बदनापूरला शिकत होती, तिचा खर्चा ह्याच पगारावर. दर उन्हाळ्यात तिला कामावर पुन्हा घ्यायचं का, हे शाळेची समिती ठरवायची, आणि आता ती आमचा शेरा बघून ठरवणार होती. म्हणजे तिचं काम माझ्या सहीवर टिकून होतं. मला त्याचा अभिमानच वाटायचा. मी हाय ना, काळजी करू नको, असं तिला मी दहादा तरी सांगितलं असेल. ती नुसती मान हलवायची.

मंग मला दुसरं खूळ सुचलं. दर बुधवारी खिचडी बंद, ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी. सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त ती स्वयंपाकघराच्या दारातून हळूच म्हणाली, "बाई, खिचडीच बरी हाय."

"का? भाकरी थापायचा कंटाळा आला व्हय?" मी सगळ्यांसमोर तिला झापलं. "कामाला नगं आणि पगाराला पुढं!"

बुधवारी पहाटेच ती शाळेत आली आणि एकटीनं परातभर पीठ मळायला बसली.

तिला जे दिसत होतं ते मला दिसलं नाही. मी ह्या गावची सून, तीस वर्षं ह्याच मातीत शिकवलं, तरी दिसलं नाही. खिचडी पळीनं वाढली जाते. भाकरी हातानं थापावी लागते. नऊ वर्षं गावानं पळीकडं बघून खाल्लं होतं. आता हात दिसायला लागला.

पहिल्या बुधवारी अर्ध्या पोरांनी दप्तरातून घरचे डबे काढले. मी पोरांना विचारलं तर म्हणे पोट दुखतंय. सगळ्यांचं एकाच दिवशी? दुसऱ्या बुधवारी त्याहून जास्त डबे. आया सांगायच्या, भाकरी जाड होती, कच्ची राहती, पिठात खडे येतात. एकीनंही खरं कारण तोंडातून काढलं नाही. मी दारोदार जाऊन भांडले. "जनाची न्हाई तर मनाची तरी ठेवा!" असं ओरडून आले एका घरी. घरी आल्यावर वाटलं, आपण काय लढलो! लई भारी वाटलं मला माझंच.

शेवटी दिरांनी बैठक लावली. विषय: शालेय जेवणाचा दर्जा. शाळेच्या व्हरांड्यात, बुधवारीच. हेडमास्तर एका कोपऱ्यात मोबाईलमध्ये डोकं घालून. ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी, पदराला हात पुसत.

मी रजिस्टर घेऊनच गेल्ते. ते टेबलावर आपटलं. "दर्जा काढता? हे बघा. एक दिवस खाडा न्हाई. रोज चव उत्तम, खाली माझी सही. अजून काय पुरावा पाह्यजे?"

दिरांनी पानं चाळली. मग आत बघून म्हणाले, "एक भाकरी आण गं." तिनं ताटलीत भाकरी आणून ठेवली. दिरांनी ती ताटली माझ्याकडं सरकवली.

"घ्या वहिनी. आमच्यासमोर एक घास खा. आम्ही बिलकुल तक्रार करनार न्हाई."

"आज माझी चतुर्थी हाय, भाऊजी," मी म्हणाले.

आणि ती होतीच. देवाशप्पथ होती. चंद्र उगवेपर्यंत मी भाकरीला हात लावत नाही, हे अख्ख्या भावकीला माहीत. पण मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"बरं, आज चतुर्थी," दीर म्हणाले. "काल काय व्हतं? परवा? तुमचा गोठा आमच्या भिंतीला लागून हाय, वहिनी. ती वाटी तुम्ही रोज कुठं रिकामी करता ते मी बघून राह्यलो. चव तुमच्या म्हशीला इचारा. ती खाती तिच्या हातचं."

सगळा व्हरांडा हसला. हेडमास्तरसुद्धा.

ते खरं होतं. कधी गुरुवार, कधी शुगर, कधी आत्ताच जेवले, अशी रोज एक सबब मी स्वतःलाच देत होते. कुणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं की मी असलं काही मानत नाही. वर्गात तीस वर्षं तेच शिकवलं. आणि रोज दुपारी ती वाटी म्हशीच्या गव्हाणीत ओतली.

"मी निदान तोंडावर तरी बोलून राह्यलो," दीर म्हणाले. तेवढ्यावर ते जिंकले.

मी तिच्याकडं बघितलं. वाटलं, रडेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती पुढं आली, टेबलावरची ताटली उचलली आणि एवढंच म्हणाली, "मला ठाऊक व्हतं, बाई. वाटीला म्हशीच्या पेंडीचा वास येत व्हता. म्हनलं, सही तर करतेत."

हेडमास्तरांनी लिहिलं, रजिस्टर विश्वासार्ह नाही. त्या उन्हाळ्यात तिला पुन्हा घेतलं नाही. मुलगी बदनापूरहून सामान घेऊन परत आली. माझा राजीनामा कुणी मागितला नाही, मीच दिला, आणि तो मंजूर करायलासुद्धा कुणी जमलं नाही. आता बुधवारी पुन्हा खिचडी असते.

ती हायवेवरच्या एका ढाब्यावर मागच्या बाजूला भाकऱ्या थापते, असं कळलं. आमचे दीर आणि त्यांचे चार दोस्त तिथं आवडीनं जेवायला जातात. तिथं हात भिंतीआड असतो ना!

मी एकदा गेले. मुद्दाम दुपारी, गिऱ्हाईक नसताना. बाकड्यावर बसून भाकरी मागवली. पातळ, पापुद्रा सुटलेली, कडेपर्यंत भाजलेली. पिठलं आलं होतं, पण मी कोरडीच खाल्ली, सगळी. कण ठेवला नाही.

ती पाण्याचा जग घेऊन बाहेर आली. मला ओळखलं. माझ्या रिकाम्या ताटाकडं तिनं बघितलं.

"लई छान झाली होती," मी म्हणाले.

"आता कशाला, बाई?" ती म्हणाली, आणि माझा पेला भरला. "हितं काय सही करायची न्हाई."